नाण्यांचा संग्रह आणि संपत्तीची शर्यत

परभणी जिल्हा १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानांत मोडत होता. पाथरी, जिंतूर, गंगाखेड येथील बाजारांत जो रुपया चाले, तो ‘हाली शिक्का’ या नांवानें ओळखला जाई. मीर उस्मान अली खान यांच्या कारकीर्दींतील या रुपयाच्या एका बाजूस चारमिनार असून त्याच्या कमानींत उस्मान या नांवाचें आद्याक्षर ‘ऐन’ कोरलेलें आहे. संस्थान विलीन झाल्यानंतर १९५० नंतरच्या दशकांत हें चलन मागें पडलें. परंतु जुन्या घरांतील डब्यांत व सराफांच्या पेढीवर तें अद्यापि आढळतें. सामान्य मिळकतीच्या मनुष्यास नाणेंसंग्रहाचा आरंभ करण्यास याहून सोयीचें साधन क्वचितच असेल.

मात्र हा छंद केवळ घरच्या समाधानापुरता राहिलेला नाहीं. अमेरिकेंत १९८६ मध्यें पी.सी.जी.एस. व १९८७ मध्यें एन.जी.सी. या नाण्यांची पारख करणाऱ्या संस्था निघाल्या. त्या नाणें तपासून पारदर्शक डबींत बंद करितात व त्याच्या स्थितीस १ पासून ७० पर्यंत अंक देतात. या अंकमापनाची कल्पना विल्यम शेल्डन यांनीं १९४९ मध्यें अमेरिकन सेंट नाण्यांसाठीं मांडली होती. पुढें या संस्थांनीं संग्रहांची नोंदवही उघडली. संचांतील प्रत्येक नाण्याचा अंक व त्याची दुर्मिळता हिशेबांत घेऊन बेरीज करावयाची, आणि ज्याची बेरीज मोठी त्याचा क्रमांक वर, अशी ही स्पर्धा आहे.

हिशेब सरळ दिसतो. पण त्यांतच खरी अडचण आहे. ६६ व ६७ या दोन अंकांमधील भेद बहुधा भिंगाशिवाय ओळखूं येत नाहीं. किंमत मात्र कित्येक पट वाढूं शकते. त्यामुळें वीस वर्षें बाजार धुंडाळून जमविलेला संच एखादा धनिक एका लिलावांत मागें टाकूं शकतो. अमेरिकेंतील बँकव्यवसायी लुई एलियासबर्ग यांनीं १९४२ मध्यें क्लॅप पितापुत्रांनीं जन्मभर जमविलेला संग्रह १,००,००० डॉलरांस एकरकमी घेतला, आणि १९५० मध्यें त्या देशाच्या नाण्यांचा तोंवर कोणास न साधलेला पूर्ण संच सिद्ध केला. संपत्तीची परमावधि पाहावयाची, तर जहांगीर बादशहानें १६१३ मध्यें आग्रा येथें पाडलेलें १,००० मोहरांचें, सुमारें १२ किलो वजनाचें नाणें पाहावें. निजाम घराण्याकडील म्हणून समजलें जाणारें असें नाणें १९८७ मध्यें जिनिव्हा येथील लिलावांत मांडलें गेलें होतें. अशा वस्तूशीं हाली रुपयाच्या संग्राहकानें स्पर्धा ती कशी करावी?

येथें धनिकांस सरसकट दोष देणें न्यायाचें होणार नाहीं. एलियासबर्ग यांनीं आपला संग्रह लोकांस पाहावयास ठेविला. अनेक वस्तुसंग्रहालयांचीं दालनेंहि दानशूर संग्राहकांमुळेंच भरलीं. प्रश्न मनुष्याचा नसून मापाचा आहे. ज्या मापांत केवळ चकाकी व दुर्मिळता मोजली जाते, तें माप खरेदीची शक्ति मोजतें. संग्राहकाची दृष्टि मोजीत नाहीं.

या मापाची मर्यादा नाशिकजवळील जोगळटेंभी येथील ठेव्यानें उत्तम स्पष्ट होते. तेथें १९०६ मध्यें क्षहरात राजा नहपान याचीं १३,००० हून अधिक रौप्य नाणीं सांपडलीं. त्यांतील ९,००० हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनें आपला ठसा पुन्हां मारलेला होता. मूळचा मुखवटा व अक्षरें त्यामुळें बिघडलीं. स्थितीचे अंक देणाऱ्यास हीं नाणीं विद्रूप वाटावींत; इतिहासकारास मात्र या विद्रूपतेंतच सातवाहनांच्या विजयाचा पुरावा मिळाला. शिवाय हा पुरावा एकेका नाण्यांत नसून समग्र ठेव्यांत आहे. चांगलीं तेवढीं नाणीं वेंचून उरलेलीं विखुरलीं असतीं, तर तें प्रमाण कोणास कधींच कळलें नसतें.

मग न्याय्य स्पर्धा कशी असावी? याचें एक उत्तर टपाल-तिकिटांच्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनांत सांपडतें. तेथें पारंपरिक विभागांत १०० गुणांपैकीं विषयाची मांडणी व महत्त्व यांस ३०, ज्ञान, अभ्यास व संशोधन यांस ३५, स्थिति व दुर्मिळता यांस ३० आणि सजावटीस ५ गुण असतात. पैशाचें वजन तेथेंहि आहे. परंतु केवळ त्याच्या बळावर पहिला क्रमांक मिळत नाहीं.

हाच न्याय हाली शिक्क्यास लावून पाहावा. हा रुपया ११.१८ ग्रॅम वजनाचा व त्यांत शेंकडा ८१.८ चांदी, १९४० पूर्वींचा इंग्रजी रुपया ११.६६ ग्रॅमचा व त्यांत शेंकडा ९१.७ चांदी. म्हणजे एकांत शुद्ध चांदी सुमारें ९.१ ग्रॅम, तर दुसऱ्यांत १०.७ ग्रॅम. सात हाली रुपयांस सहा इंग्रजी रुपये हा जो प्रचलित भाव होता, तो या प्रमाणाशीं बरोबर जुळतो. तसेंच नाण्यावर हिजरी सन व राज्यारोहणाचें वर्ष हीं दोन्हीं असतात. राज्यारोहण हिजरी वर्षाच्या मध्येंच झाल्यामुळें एकाच सनाच्या नाण्यांवर दोन निरनिराळीं राज्यवर्षें येऊं शकतात. हें सारें शोधण्यास तराजू, भिंग व चिकाटी एवढेंच भांडवल लागतें.

खर्चाची मर्यादा ठरवून निराळा वर्ग करणें, नाणें कोठें व कशासह सांपडलें याच्या नोंदीस गुण देणें, हे उपायहि योजतां येतील. दुसऱ्या उपायाचा लाभ स्पर्धेपलीकडचा आहे. १८७८ च्या निखातनिधि कायद्यानें दहा रुपयांहून अधिक मोलाचा पुरलेला ठेवा सांपडल्यास कलेक्टरास कळविणें बंधनकारक आहे. गोदाकांठच्या एखाद्या शेतांत नांगराच्या फाळाला मडकें लागलें, तर त्यांतील नाणीं गुपचूप विकलीं जावींत कीं त्यांची नोंद व्हावी, हें पुष्कळसें संग्राहक कशास मान देतात यावर अवलंबून राहील.