जुन्या जीपचे सुकाणू

मोटारीचे इंजिन बिघडले, तर मोटार थांबते. फार तर तिला दोर बांधून गावापर्यंत ओढीत न्यावे लागते. सुकाणू बिघडले, तर मात्र मोटार थांबत नाही. ती चालतच राहते, आणि तिने कोठे जावयाचे हे चालकाच्या हाती उरत नाही. चोर्ल्याच्या किंवा आंबोलीच्या घाटात एका बाजूस कडा आणि दुसऱ्या बाजूस दरी असताना या दोहोंतील फरक कोणालाही समजावून सांगावा लागणार नाही. म्हणूनच जुन्या जीपला नवे रूप देण्याची हौस बाळगणाऱ्याने रंग, आसने आणि रुंद टायर यांच्या आधी तिच्या पुढच्या सुकाणूकडे पाहिले पाहिजे.

जीप जन्मास आली ती युद्धाच्या गरजेतून. १९४० साली अमेरिकन सैन्याने हलक्या, चारही चाकांना गती मिळणाऱ्या गाडीची मागणी केली आणि महायुद्ध संपेपर्यंत विलिस व फोर्ड या दोन कारखान्यांनी अशा सहा लाखांहून अधिक गाड्या तयार केल्या. देश स्वतंत्र झाला त्या सुमारास मुंबईत महिंद्र कंपनीने विलिस जिपांची जोडणी हाती घेतली. उंच बॉनेटचा सीजे-३बी हा नमुना अमेरिकेत १९५३ पासून १९६८ पर्यंत निघाला. आपल्याकडे त्याचे वंशज त्यानंतरही कित्येक वर्षे बनत राहिले. शेतावर, जंगलखात्यात, खाणींवर आणि धरणांच्या बांधकामावर या गाड्या राबल्या. त्यांतील कित्येक आजही चालत्या आहेत, आणि त्यांचे मूळ सुकाणू अजून जागेवर असेल, तर ते त्या युद्धकालीन घडणीचेच आहे.

ती घडण नीट समजून घेतल्यावाचून तिच्यात सुधारणा करणे योग्य नव्हे. चालकाच्या हातातील चक्राचा दांडा खाली स्टिअरिंग बॉक्समध्ये उतरतो. तेथे मळसूत्रासारखी खाच असलेला एक दंडगोल असतो, आणि त्या खाचेत एका तरफेच्या दोन खुंट्या बसविलेल्या असतात. चक्र फिरले की खुंट्या खाचेतून सरकतात, तरफ फिरते आणि बॉक्सबाहेरचा पिटमन आर्म पुढेमागे हलतो. हे हेलकावे ड्रॅग लिंक नावाचा दांडा पुढच्या आसाच्या मध्यापर्यंत नेतो. आसावर एका खिळीभोवती फिरणारा बेल क्रँक असतो; तो पुढेमागे होणाऱ्या गतीचे डावीउजवीकडील गतीत रूपांतर करतो. शेवटी त्याला जोडलेले दोन टाय रॉड दोन्ही चाकांना वळवितात.

ही रचना युद्धाच्या कामाला पुरेशी होती; परंतु तिच्यात सांधे फार. खुंट्या, ड्रॅग लिंकची दोन टोके, बेल क्रँकची खिळी, टाय रॉडची चार टोके, दोन्ही बाजूंचे किंग पिन आणि चाकांचे बेअरिंग, एवढ्या ठिकाणी झीज होऊ शकते. प्रत्येक ठिकाणी केसाएवढा ढिलेपणा असला, तरी त्या सर्वांची बेरीज चालकाच्या हातात येते. गॅरेजमध्ये या ढिलेपणाला ‘प्ले’ म्हणतात. भारताच्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील ९८ व्या नियमानुसार सुकाणू-चक्राचा प्ले ३० अंशांपेक्षा अधिक असता कामा नये. सोळा इंच व्यासाच्या चक्राच्या कडेवर हे अंतर सुमारे चार इंच भरते. ही कायद्याने आखलेली शेवटची मर्यादा होय. तेवढा प्ले असणे चांगले, असा तिचा अर्थ नव्हे.

येथेच बहुतेकांची गफलत होते. गाडी रस्त्यावर भरकटू लागली, अथवा विशिष्ट वेगाला पुढची चाके थडथडू लागली, की दोष स्टिअरिंग बॉक्सवर ठेवला जातो. मग बॉक्सचा स्क्रू आवळला जातो, थरथर शोषून घेणारा डँपर बसविला जातो, किंवा एकदम पॉवर स्टिअरिंगच आणले जाते. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा हा प्रकार होय. डँपर रोगाचे लक्षण झाकतो. रोग आत वाढतच राहतो. बॉक्सचा स्क्रूही ड्रॅग लिंक सोडवून व चक्र नेमके मध्यावर ठेवूनच आवळावयाचा असतो. बॉक्सची घडण मध्यावर घट्ट आणि दोन्ही टोकांकडे सैल अशी असते. चक्र वळलेले असताना स्क्रू आवळला, तर गाडी सरळ चालत असता बॉक्स आतून आखडतो.

खरी तपासणी अगदी साधी आहे. गाडी सपाट जमिनीवर उभी करावी आणि इंजिन बंद ठेवावे. एकाने चक्र थोडे डावीउजवीकडे हलवीत राहावे व दुसऱ्याने खाली बसून एकेका सांध्यावर बोट ठेवीत जावे. जेथे एक बाजू हलते आणि दुसरी हलत नाही, तेथे झीज आहे. नंतर पुढचे चाक जॅकवर उचलून ते वरखाली धरून हलवावे. म्हणजे बेअरिंग आणि किंग पिन यांची परीक्षा होते. जुन्या जिपांत बेल क्रँकची खिळी व तिचे बेअरिंग यांकडे विशेष लक्ष द्यावे. ती चिखलापाण्याच्या अगदी जवळ असते आणि ग्रीस भरण्यात हयगय झाली की प्रथम तीच झिजते. दूधसागरच्या वाटेवरील ओढ्यांसारख्या पाण्यातून नित्य जाणाऱ्या गाडीला ही सूचना दुपटीने लागू पडते.

दुरुस्तीचा क्रम जमिनीकडून हाताकडे असावा. प्रथम चाकांचे बेअरिंग. मग किंग पिन, ज्यांचा ताण पातळ पत्र्याच्या शिम कमीअधिक करून जमविला जातो. त्यानंतर टाय रॉडची टोके, बेल क्रँक व ड्रॅग लिंक. आणि बॉक्स सर्वांत शेवटी. एवढे झाल्यावर चाकांचे कोन तपासावे. सीजे कुळातील या जुन्या जिपांमध्ये किंग पिनचा मागे झुकणारा कोन, म्हणजे कॅस्टर, मुळात ३ अंश ठेवलेला असे आणि चाकांची पुढची बाजू मागच्या बाजूपेक्षा ३/६४ ते ३/३२ इंच आत असे. वळण संपल्यावर चाके आपोआप सरळ होतात ती मुख्यतः कॅस्टरमुळे. गाडी उंच करण्यासाठी शॅकल लांबविले, तर आस फिरतो व कॅस्टर बदलतो. मग सर्व भाग नवे असूनही गाडी सैरभैर धावते. स्प्रिंग व आस यांच्यामध्ये पोलादी पाचर बसवून हा कोन पुन्हा साधता येतो.

ही डागडुजी पुरी झाल्यावर अनेकांना आढळून येईल, की आहे तेच सुकाणू पुरेसे आहे. ६.००-१६ मापाचे मूळ अरुंद टायर असतील आणि गाडी बेताच्या वेगाने चालवावयाची असेल, तर हाच मार्ग स्वस्त आणि गाडीचे जुनेपण राखणारा होय. टायर रुंद असतील, इंजिन जड असेल किंवा मार्ग दगडधोंड्यांचा असेल, तर मात्र पुढचे पाऊल टाकण्यास कारण आहे. ते पाऊल म्हणजे बेल क्रँक काढून टाकणे. दोन्ही चाकांना एकच अखंड टाय रॉड जोडावयाचा, आणि पुढे आणलेल्या नव्या बॉक्सपासून समोरच्या बाजूच्या चाकापर्यंत आडवा ड्रॅग लिंक न्यावयाचा. आपल्याकडील उजव्या हाताच्या गाडीत तो उजवीकडून डाव्या चाकाकडे जातो. सांधे कमी होतात. शिवाय हा दांडा लांब व जवळजवळ आडवा राहिला, तर खड्ड्यात स्प्रिंग वरखाली झाली, तरी चक्राला फारसा हिसका बसत नाही.

नवा बॉक्स बहुधा फिरत्या गोळ्यांचा असतो. त्यात मळसूत्र आणि नट यांच्यामध्ये पोलादी गोळ्या घोळत असल्याने घर्षण कमी होते. त्याला तेलाच्या दाबाची जोड दिली की पॉवर स्टिअरिंग झाले. चालकाचा हात हलका होतो हे खरे. परंतु दगडात अडकलेल्या चाकाला पूर्वी केवळ मनुष्याच्या हाताचे बळ लागत असे, तेथे आता यंत्राचे लागते. ते बळ बॉक्सचे बोल्ट, चासीचा पत्रा आणि टाय रॉड यांनाच सोसावे लागते. बॉक्सजवळ चासी चिरल्याची उदाहरणे जाणत्या कारागिरांना ठाऊक आहेत. म्हणून तेथे जाड पट्टी लावून दुसऱ्या बाजूच्या चासीशी आडवा आधार जोडणे हे कामाचे अविभाज्य अंग होय. त्याचप्रमाणे पंपाचा पट्टा तुटला, तर त्या क्षणी चक्र एकाएकी जड होते, हेही चालकाला आधी माहीत असावे.

काही गोष्टी लहान दिसतात, पण प्राणावर बेततात. पिटमन आर्म किंवा नकलचा हात तापवून वाकवू नये व त्याला वेल्डिंग करू नये. घडीव पोलादाचे बळ त्याने जाते आणि ते कधी तुटेल याचा भरवसा राहत नाही. सांध्याचा उतरता खुंट त्याच उताराच्या भोकात बसला पाहिजे. भोक ढिले असेल, तर नट कितीही आवळला तरी तो झिजतच राहतो. खाचांच्या नटात कॉटर पिन बसत नसेल, तर नट आणखी आवळावा, कधीही सैल करू नये. चाके दोन्ही बाजूंस पूर्ण वळवून ब्रेकचा होज कोठे घासत नाही ना, आणि आसावरील अटकाव लागण्यापूर्वी बॉक्सची मर्यादा संपत नाही ना, हे पाहावे.

कायद्याचाही विचार हवा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाने वाहनात करावयाच्या फेरफारांवर बंधने घातली आहेत आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली त्यांचा अर्थ कडकपणे लावला आहे. यास्तव बॉक्स बदलण्यापूर्वी प्रादेशिक परिवहन कार्यालयात विचारणा करणे इष्ट. अपघातानंतर विम्याच्या कार्यालयात हाच प्रश्न निघाला, तर उत्तर देणे जड जाते.

चांगल्या सुकाणूची कसोटी ते किती हलके फिरते ही नव्हे. चालकाने चक्र वळविताच चाक तितकेच वळावे, आणि रस्त्याने चाकाला काय केले ते चालकाच्या तळहाताला कळावे. जुन्या जीपमध्ये ही जाणीव मूळचीच असते. झिजलेल्या सांध्यांनी ती पुसलेली असते, एवढेच. नवा बॉक्स विकत घेण्यापूर्वी ज्याने एक दुपार गाडीखाली पडून प्रत्येक सांधा स्वतः तपासला, त्याला आपले पैसे कोठे घालावयाचे हे आपोआप समजेल. आणि घाटातील पुढच्या वळणावर त्याच्या पाठीमागे बसलेल्या माणसांना धीराने बसता येईल.