जनरेटरची थरथर: वाइंडिंगबद्दलचे चार गैरसमज

कुंभार पिंपळगावसारख्या बाजारपेठेच्या गावात वीज गेली की डिझेल जनरेटर धडधडू लागतात. त्यातला एखादा जास्तच थरथरला, तर पहिला संशय जातो बेअरिंगवर. वाइंडिंगची आठवण शेवटी होते.

गैरसमज: वाइंडिंग शॉर्ट झाले की लगेच धूर निघतो.
वस्तुस्थिती: शॉर्ट कुठे आहे, त्यावर ते अवलंबून असते. स्टेटरमध्ये, म्हणजे स्थिर भागात, दोन वेढे भिडले तर बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे त्या बंद वेढ्यात प्रचंड प्रवाह फिरतो आणि वाइंडिंग जळते. फिरत्या रोटरमध्ये मात्र डीसी प्रवाह असतो. तो शॉर्ट झालेल्या वेढ्यांना वगळून पुढे जातो. ते वेढे तापत नाहीत, उलट थंड पडतात. असे मशीन महिनोन्महिने चालू शकते.

गैरसमज: मशीन चालतेय ना, मग दोन-चार वेढ्यांनी काय बिघडते?
वस्तुस्थिती: दुकाना-कारखान्यांतल्या मोठ्या डिझेल जनरेटरच्या पाटीवर बहुधा 1500 आरपीएम लिहिलेले असते. 50 हर्ट्झच्या विजेसाठी याचा अर्थ रोटरवर 4 पोल. समोरासमोरच्या पोलांची ओढ सारखी असते तोवर रोटर मधोमध तोललेला राहतो. एका पोलाचे वेढे कमी झाले की तोल गेला. ही ओढ चुंबकीय क्षेत्राच्या वर्गाच्या प्रमाणात असते, त्यामुळे क्षेत्र 10 टक्के घटले तरी ओढ 19 टक्के घटते. समोरचा पोल वरचढ ठरतो, आणि ही एकतर्फी ओढ रोटरबरोबर सेकंदाला 25 वेळा फिरत बेअरिंगला हादरे देते.

परळीच्या औष्णिक केंद्रातल्या 250 मेगावॉटच्या संचांसारख्या 3000 आरपीएमच्या मशीनमध्ये पोल दोनच. एकातून निघालेले क्षेत्र दुसऱ्यातूनच परतते, म्हणून ओढीत फारसा फरक पडत नाही. तिथे त्रास होतो उष्णतेचा: शॉर्टची बाजू थंड राहते, दुसरी तापून प्रसरण पावते आणि लांबलचक रोटर किंचित वाकतो. पैठणच्या जायकवाडी जलविद्युत केंद्रासारख्या ठिकाणी संच संथ फिरतात, पोल पुष्कळ असतात. अशा संचात एकतर्फी ओढच महत्त्वाची.

गैरसमज: मेगर चांगला आला, म्हणजे वाइंडिंग ठीक.
वस्तुस्थिती: मेगर तार आणि लोखंडी सांगाडा यांच्यातले इन्सुलेशन तपासतो. वेढ्या-वेढ्यांतला शॉर्ट त्याला दिसत नाही. त्यासाठी रोटरच्या वाइंडिंगला एसी देऊन प्रत्येक पोलावरचे व्होल्टेज मोजतात. ज्या पोलावर ते ठळकपणे कमी भरते, तिथे शॉर्टचा संशय.

गैरसमज: दोष बेअरिंगचा की वाइंडिंगचा, हे मशीन खोलल्यावरच कळते.
वस्तुस्थिती: फेरे तेच ठेवून एक्सायटेशन, म्हणजे रोटरला दिलेला डीसी प्रवाह, कमी-जास्त करून पाहतात. कंपनात काहीच फरक पडला नाही, तर बेअरिंग किंवा कपलिंग तपासायचे. एक्सायटेशन काढताच थरथर थांबली, तर चुंबकीय ओढ बिघडलेली आहे. आणि रोटर निवत जाईल तशी थरथर हळूहळू उतरली, तर रोटर उष्णतेने वाकतो आहे.