केडगावच्या छापखान्यातील भक्ती

भक्ती रविवारच्या उपासनेत आणि सेवा दानपेटीत, अशी सोयीची वाटणी ख्रिस्ती समाजातही सहज होऊन जाते. पुणे जिल्ह्यातील केडगाव येथे पंडिता रमाबाईंनी उभारलेल्या ‘मुक्ती’ या वसाहतीत मात्र ही वाटणी टिकणे शक्यच नव्हते. तेथे प्रार्थनेला बसणारे हात थोड्याच वेळात जात्यावर, मागावर किंवा छापखान्यात दिसत.

रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला. तथापि, हा स्वीकार मुख्यतः बुद्धीचा होता, ख्रिस्ताला जीवन वाहून टाकण्याचा अनुभव पुढे काही वर्षांनी आला, असे त्यांनीच आत्मकथनात नमूद केले आहे. धर्म स्वीकारणे आणि धर्म जगणे यांतले अंतर इतक्या प्रांजळपणे मांडणारे विरळाच. या जगण्याची किंमतही त्यांना मोजावी लागली. विधवा व निराधार मुलींसाठी १८८९ मध्ये मुंबईत सुरू झालेले आणि पुढच्याच वर्षी पुण्यात आलेले ‘शारदा सदन’ धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील, असे आश्वासन होते. रमाबाई आपली उपासना स्वतःच्या खोलीत करीत. मात्र दार लावून घेत नसत. काही मुली तेथे येऊन बसू लागल्या आणि पुण्यात वादळ उठले. न्या. रानडे व डॉ. भांडारकर यांच्यासारखे हितचिंतक १८९३ मध्ये सल्लागार मंडळातून बाहेर पडले; अनेक मुलींना पालकांनी काढून नेले. पालकांची शंका अगदीच निराधार म्हणता येणार नाही. पण श्रद्धा लपवून सेवा करणे रमाबाईंच्या स्वभावात बसणारे नव्हते.

१८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपासमारीने खंगलेल्या शेकडो मुली-स्त्रियांना घेऊन आल्या. स्वतः रमाबाईंचे आईवडील १८७४ च्या सुमारास दुष्काळानेच गेले होते; ही भूक त्यांना परकी नव्हती. केडगावची शेतजमीन या मुलींचे घर झाली. १९०० च्या दुष्काळानंतर ही संख्या दोन हजारांच्या घरात गेली. एवढ्या माणसांचे दोन वेळचे अन्न, पाणी, आजारपण आणि अक्षरओळख सांभाळायची म्हणजे भक्ती भावनेच्या उमाळ्यावर चालत नाही. तिला वेळापत्रक लागते. शेती, विणकाम, स्वयंपाक, शुश्रूषा अशी कामे स्त्रियांनीच वाटून घेतली. समाजाने ‘पतित’ ठरविलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन निघाले. अंध मुलींना कन्या मनोरमाबाई ब्रेल लिपी शिकवीत.

या साऱ्यात छापखान्याची कथा विशेष सांगण्याजोगी आहे. प्रचलित मराठी बायबलची संस्कृतप्रचुर भाषा खेड्यातील स्त्रियांना कळत नाही, हे ध्यानी आल्यावर रमाबाईंनी उतारवयात हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून नवा अनुवाद हाती घेतला. कलकत्त्याच्या विद्वानांनी १८७८ मध्ये जिला ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ म्हणून गौरविले, तिनेच आपले संस्कृत बाजूला ठेवून साध्या शब्दांचा शोध घ्यावा, ही घटना लहान नाही. मुक्तीत आल्यावर अक्षर गिरवायला शिकलेल्या स्त्रिया खिळे जुळवू लागल्या; छपाई आणि बांधणीही त्यांच्याच हातची.

मूळ शब्दांना चिकटून राहण्याच्या आग्रहामुळे अनुवाद ठिकठिकाणी अवघडला आहे आणि तो चर्चमध्ये सर्वदूर रुळला नाही, हेही खरे. १९२१ मध्ये मनोरमाबाईंचा मृत्यू झाला. आईने काम थांबविले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई निवर्तल्या तेव्हा अनुवाद पुरा झालेला होता. संपूर्ण बायबल केडगावच्या छापखान्यातून १९२४ मध्ये बाहेर पडले.