मैदान सरकारचे, संघ मालकाचा

फुटबॉल क्लबच्या तिजोरीवर दोन खर्च सतत हक्क सांगत असतात, संघाचा आणि स्टेडियमचा. संघाच्या खर्चात खेळाडूंचे पगार, दुसऱ्या क्लबकडून खेळाडू आणताना मोजावी लागणारी ट्रान्सफर फी आणि प्रशिक्षक येतात. स्टेडियमच्या खर्चात नवे स्टँड, प्रकाशझोत, मैदानाखालची पाणी निचऱ्याची व्यवस्था, प्रेक्षकांची ये-जा आणि स्वच्छतागृहे येतात. दोन्ही खर्चांचा स्वभाव वेगळा आहे. खेळाडूचा करार साधारण तीन ते पाच वर्षांचा असतो. जमाखर्चात त्याची ट्रान्सफर फी करारातल्या वर्षांवर वाटली जाते आणि करार संपला की तो क्लबला एक पैसाही मिळवून न देता दुसरीकडे जाऊ शकतो. गुडघा दुखावला तर गुंतवणूक त्याआधीच पाण्यात जाते. स्टँड चाळीस-पन्नास वर्षे टिकतो, पण बांधकाम चालू असताना तो काहीच मिळवून देत नाही आणि कर्जावरचे व्याज मात्र चालू झालेले असते.

प्रेक्षकाला संघावरचा खर्च लगेच दिसतो, म्हणून त्याचा आग्रह नेहमी खेळाडूंसाठी असतो. त्या आग्रहात तथ्यही आहे. अर्थतज्ज्ञ स्टीफन शिमान्स्की यांनी इंग्लिश क्लबांच्या अनेक वर्षांच्या ताळेबंदांचा अभ्यास करून दाखवून दिले की गुणतक्त्यातले दीर्घकाळचे स्थान आणि क्लबचे एकूण वेतन यांचा संबंध फार घट्ट असतो. जास्त पगार देणारा क्लब वर राहतो. मात्र तो पगार दरवर्षी द्यावा लागतो आणि त्यासाठी दरवर्षी उत्पन्न लागते. मोठ्या स्टेडियमचे समर्थन इथेच सुरू होते, कारण आजचा स्टँड उद्याच्या पगाराची सोय करतो. नियमही स्टेडियमच्या बाजूने झुकलेले आहेत. इंग्लंडच्या प्रीमियर लीगने क्लबला तीन वर्षांत जास्तीत जास्त १०.५ कोटी पौंड तोटा करण्याची मुभा ठेवली, पण तो मोजताना बांधकाम, युवा अकादमी आणि महिला संघ यांवरचा खर्च वगळला. युरोपच्या ‘यूएफा’ने संघावरचा खर्च २०२५-२६ पासून उत्पन्नाच्या ७० टक्क्यांवर बांधून टाकला.

या ओढाताणीचे सर्वांत बोलके उदाहरण लंडनच्या आर्सेनलचे आहे. जुन्या हायबरी मैदानावर ३८,४१९ प्रेक्षक बसत. तिकिटांसाठी प्रतीक्षायादी होती, पण भोवती घरे असल्याने मैदान वाढवणे कठीण होते. २००६ मध्ये क्लब ६० हजार आसनांच्या एमिरेट्स स्टेडियममध्ये गेला. खर्च सुमारे ३९ कोटी पौंड आला आणि त्यातला मोठा भाग कर्जाचा होता. पुढची वर्षे प्रशिक्षक आर्सेन वेंगर यांनी तरुण खेळाडू घडवून आणि तयार झालेले विकून काढली. २००७ मध्ये थिएरी आँरी गेला, २००९ मध्ये अडेबायोर आणि कोलो टूरे, २०११ मध्ये फाब्रेगास आणि नासरी, २०१२ मध्ये फान पर्सी. २००५ च्या एफए कपनंतर पुढचा मोठा करंडक थेट २०१४ मध्ये मिळाला. या काळात क्लब दरवर्षी चॅम्पियन्स लीगमध्ये पोचत राहिला, याचे श्रेय वेंगर यांना त्या वेळी पुरेसे मिळाले नाही.

शेजारच्या टॉटनहॅमने पुढे हाच रस्ता धरला. नवे स्टेडियम पूर्ण होत असताना, २०१८ च्या उन्हाळ्यात आणि २०१९ च्या जानेवारीत, क्लबने एकही नवा खेळाडू घेतला नाही. तरीही जुना संघ जून २०१९ मध्ये चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यापर्यंत गेला. दमलेल्या संघाची घसरण त्यानंतर दिसली आणि नोव्हेंबरमध्ये प्रशिक्षक पोचेटिनो यांना जावे लागले. लगेच कोविड आला. प्रेक्षकांच्या भरवशावर उभारलेले स्टेडियम ओस पडले आणि २०२० मध्ये क्लबला बँक ऑफ इंग्लंडकडून साडेसतरा कोटी पौंडांचे अल्पमुदतीचे कर्ज घ्यावे लागले.

त्याच कोविडकाळात भारतातले चित्र वेगळे होते. इंडियन सुपर लीगचे २०२०-२१ आणि २०२१-२२ हे दोन्ही हंगाम गोव्यात फातोर्डा, बांबोळी आणि वास्कोच्या टिळक मैदानावर झाले. प्रेक्षक जवळजवळ नव्हतेच आणि अकरापैकी दहा क्लबांना घरचे मैदानही नव्हते. तरीही त्या दोन हंगामांत एकही क्लब बंद पडला नाही. भारतीय क्लबच्या जमाखर्चात गेटच्या उत्पन्नाचे वजन किती कमी आहे, हे यातून कळते. क्लब चालतो तो मालकाच्या खिशातून आणि प्रायोजकांच्या पैशावर.

भारतीय क्लबांपुढे ‘स्टँड बांधू की खेळाडू घेऊ’ हा प्रश्न सहसा येतच नाही, कारण बहुतेकांचे मैदान दुसऱ्याच्या मालकीचे असते. तंजावुरात उद्या कोणी व्यावसायिक क्लब काढला, तर त्याला अन्नै सत्या स्टेडियमकडे वळावे लागेल आणि ते तमिळनाडू क्रीडा विकास प्राधिकरणाच्या ताब्यात आहे. चेन्नैयिन एफसी चेन्नईच्या जवाहरलाल नेहरू स्टेडियममध्ये खेळते, तेही सरकारी आहे. कोइंबतूरचे नेहरू स्टेडियम महापालिकेचे. आशियाई महासंघाच्या परवाना नियमांनाही मालकी लागत नाही. मैदान वापरण्याचा लेखी करार पुरतो. दुसऱ्याच्या जमिनीवर स्टँड बांधून देणारा मालक विरळाच, म्हणून पैसा सगळा संघाकडे वळतो.

कोइंबतूरच्या त्याच मैदानावर चेन्नई सिटी एफसीने २०१८-१९ ची आय-लीग ही राष्ट्रीय स्पर्धा जिंकली. स्पेनहून आणलेल्या पेद्रो मांझीने २१ गोल केले. स्वित्झर्लंडच्या एफसी बासेलने क्लबमध्ये २६ टक्के हिस्सा घेतला. एवढे असूनही २०२०-२१ नंतर हा क्लब आय-लीगमध्ये दिसला नाही. विजेतेपदानंतर दोनच हंगामांत तो राष्ट्रीय पातळीवरून पुसला गेला.

गोव्याची कहाणी याहून मोठी आहे आणि जास्त चटका लावणारी. गोव्याच्या फुटबॉलमागे लोहखनिजाचा पैसा होता. वास्कोचा साळगावकर क्लब आणि पणजीचा धेंपो स्पोर्ट्स क्लब खाणमालक घराण्यांनी पोसले. साळगावकर १९९८-९९ मध्ये राष्ट्रीय फुटबॉल लीग जिंकणारा गोव्याचा पहिला क्लब ठरला आणि २०१०-११ मध्ये त्याने तिच्या जागी आलेली आय-लीग जिंकली. धेंपोने आर्मांदो कुलासो यांच्या हाताखाली २००४-०५, २००६-०७, २००७-०८, २००९-१० आणि २०११-१२ अशी पाच राष्ट्रीय विजेतेपदे मिळवली आणि २००८ मध्ये एएफसी कपची उपांत्य फेरी गाठली. रांती मार्टिन्स, बेतो, महेश गवळी, समीर नाईक, क्लायमॅक्स लॉरेन्स, क्लिफर्ड मिरांडा ही नावे गोव्यातल्या मुलांना तोंडपाठ होती. शेवटच्या विजेतेपदाच्या हंगामात एकट्या रांतीने ३२ गोल केले. चर्चिल ब्रदर्सने २००८-०९ आणि २०१२-१३ मध्ये बाजी मारली. २००७-०८ पासून २०१२-१३ पर्यंत सलग सहा वर्षे देशाचे विजेतेपद गोव्याबाहेर गेले नाही.

या सहा वर्षांत यातल्या कोणाकडेही स्वतःचे मोठे स्टेडियम नव्हते. बरेचसे सामने मडगावजवळच्या फातोर्ड्याला, १९८९ मध्ये सुरू झालेल्या सरकारी नेहरू स्टेडियमवर होत. त्याचे नीट नूतनीकरण झाले ते क्लबांसाठी नव्हे, तर पोर्तुगीजभाषक देशांच्या २०१४ च्या लुसोफोनिया क्रीडास्पर्धांसाठी. रांती २०१२ मध्ये कोलकात्याच्या प्रयाग युनायटेडकडे गेला. त्याच वर्षी सप्टेंबरात बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या शाह आयोगाच्या अहवालानंतर गोव्यातल्या खाणी थांबल्या आणि पुढे २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने त्या पुन्हा बंद झाल्या. धेंपोने खाणव्यवसाय आधीच, २००९ मध्ये, सेसा गोवाला सुमारे १,७५० कोटी रुपयांना विकला होता. २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग आली आणि एफसी गोवा या नव्या संघाच्या पहिल्या मालकांत धेंपो आणि साळगावकर या दोन्ही घराण्यांतली माणसे होती. धेंपो क्लब २०१४-१५ मध्ये खालच्या श्रेणीत घसरला आणि पुढच्याच वर्षी जिंकून परत वर आला. पण २०१६ मध्ये धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब दि गोवा या तिघांनी आय-लीगमधून अंग काढून घेतले. आय-लीगला दुय्यम दर्जा देण्याची राष्ट्रीय महासंघाची योजना त्यांना मान्य नव्हती.

त्यांची तक्रार रास्त होती. मात्र देशाची सात विजेतेपदे ज्यांच्याकडे होती त्या धेंपो आणि साळगावकरना बाहेर पडणे इतके सोपे का गेले, हेही पाहायला हवे. मागे सोडण्यासारखे स्टेडियम नव्हते, फेडायचे कर्ज नव्हते, ज्यांचे पैसे आगाऊ घेतले आहेत असे हजारो हंगामी तिकीटधारक नव्हते. संघ खेळाडूंच्या करारांपुरता होता आणि करार संपले की संघही विरला. स्टेडियम क्लबला जखडून ठेवते, हा त्याचा दोष मानला जातो. गोव्याला त्या जखडण्याची गरज होती.

मुंबईत हीच कमतरता शिखरावर असतानाही उघडी पडली. मुंबई सिटी एफसीमध्ये २०१९ मध्ये सिटी फुटबॉल ग्रुपने ६५ टक्के हिस्सा घेतला आणि संघावर पैसा ओतला. २०२०-२१ मध्ये क्लबने लीग आणि अंतिम करंडक दोन्ही जिंकले, २०२२-२३ मध्ये पुन्हा लीग. पण २०२३ मध्ये आशियाई चॅम्पियन्स लीगचे घरचे सामने खेळायची वेळ आली तेव्हा अंधेरीचे महापालिकेचे मैदान निकषांत बसत नव्हते. सामने पुण्याच्या बालेवाडीत आणि नव्या मुंबईत डी. वाय. पाटील स्टेडियमवर न्यावे लागले. इंडियन सुपर लीगचे भवितव्य अधांतरी असताना २०२५ संपता संपता सिटी ग्रुपही क्लबमधून बाहेर पडला.

मराठी मुलखात मैदान आणि संघ यांचे नाते सर्वांत घट्ट आहे ते कोल्हापुरात. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब हे संघ पेठांचे आहेत. ते पेठेतल्या देणग्यांवर आणि वर्गणीवर चालतात. मोसमापुरते बाहेरचे, कधी आफ्रिकेतले खेळाडूही आणले जातात आणि त्यासाठी चढाओढ लागते. मैदान मात्र सर्वांचे एकच, कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनचे शाहू स्टेडियम. स्टँडचा भार कोणत्याही तालमीवर पडत नाही आणि प्रेक्षक कुठल्याही एका संघाचा देणगीदार आला-गेला तरी हटत नाही. इथले फुटबॉल टिकले ते पेठेच्या अभिमानावर. कोणत्याही उद्योगपतीने पाठ फिरवली म्हणून पेठ विसर्जित होत नाही. तरीही मोसमी खेळाडूंवर जाणाऱ्या रकमेतला काही भाग मुलांच्या सरावासाठी राखला गेला असता, तर कोल्हापूरचे आणखी किती खेळाडू वर गेले असते हा विचार मनात येतोच. २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला कोल्हापूरचा अनिकेत जाधव घडला पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत.

अनिकेतचे उदाहरण तिसऱ्या खर्चाकडे बोट दाखवते. तो म्हणजे सरावाचे स्वतःचे मैदान आणि त्याला जोडलेली अकादमी. मोठ्या स्टेडियमच्या मानाने तो किरकोळ, आणि महागड्या परदेशी आक्रमकाच्या तुलनेत कितीतरी टिकाऊ. टाटांनी १९८७ मध्ये जमशेदपूरला अकादमी उघडली, तेव्हा त्यांचा व्यावसायिक क्लबही नव्हता. धेंपोच्या बचावफळीचा कणा असलेला महेश गवळी तिथूनच आला. सेसाने १९९९ मध्ये गोव्यात अकादमी काढली आणि तिथून आदिल खान भारतीय संघात पोचला. पगार दिला की खेळाडू एका मोसमासाठी मिळतो. सरावाच्या मैदानातून दर मोसमाला नवी फळी मिळते आणि ती विकून क्लबला उत्पन्नही होते. छोट्या क्लबसाठी खर्चाचा हाच क्रम शहाणपणाचा आहे. आधी सरावाचे मैदान आणि मुले, मग मोजके बाहेरचे खेळाडू, आणि प्रतीक्षायादी लागू लागली तरच स्टँड.

धेंपोने राष्ट्रीय लीग सोडल्यावर नेमके हेच हातात ठेवले होते. जुन्या गोव्याजवळ एला येथील क्लबच्या अकादमीत मुलांचा सराव थांबला नाही आणि गोव्याच्या स्थानिक लीगमध्ये संघ खेळत राहिला. २०२३-२४ मध्ये त्याने आय-लीगच्या दुसऱ्या श्रेणीत दुसरा क्रमांक मिळवला आणि २०२४-२५ च्या हंगामात धेंपो पुन्हा आय-लीगमध्ये उतरला.