तोरणमाळच्या वाटेवर एकट्याने

सेवानिवृत्तीनंतर मोटारसायकलवरून एकट्याने तोरणमाळला जाण्याचा विचार घरात मांडला, तेव्हा सौभाग्यवतींनी एकच अट घातली : सूर्यास्तानंतर गाडी चालवायची नाही. दिवाळीनंतर पिंप्राळ्याहून निघालो. विदगावला तापी ओलांडून चोपडा, शिरपूरमार्गे शहाद्याला पोहोचेपर्यंत क्लचची तार तुटून दीड तास वाया गेला होता.

शहाद्याहून तोरणमाळ सुमारे ५५ किलोमीटर. त्यातला अखेरचा टप्पा म्हणजे सातपुड्याचा वळणावळणांचा घाट. पायथ्याशी आलो तेव्हा सूर्य कलला होता. 'एवढे सहज निभेल,' असे मन म्हणू लागले. (कर्ज मागणारे नेमके हेच शब्द वापरीत!) गाडी थांबवली. एका पावरा शेतकऱ्याने आनंदाने अंगणात तंबू ठोकू दिला. उजेड असतानाच खिचडी शिजवून जेवण उरकले.

सकाळी घाटात तिसऱ्याच वळणावर वरून घरंगळलेले दगड अर्धा रस्ता अडवून पडले होते. ते केव्हा पडले कोण जाणे! बाजूने गाडी हळूच काढली. हजार मीटरहून अधिक उंचीवर, यशवंत तलावाच्या काठी चहा ठेवला आणि घरी दूरध्वनी केला. दगडांचा विषय मात्र काढला नाही.