ओरॅकल एसक्यूएलची तयारी आणि चुकांची वही

ओरॅकलच्या १झेड०-०७१ या एसक्यूएल परीक्षेला बसताय? आधी त्यांच्या संकेतस्थळावरची विषयसूची वहीत उतरवा आणि प्रत्येक मुद्द्यासमोर तारीख टाका. नुसतं वाचलं म्हणून नाही. क्वेरी स्वतः लिहून चालवली, तरच.

माझा खरा आधार म्हणजे चुकांची वही. तिच्यातली एक नोंद: ‘नॉट इन’च्या सबक्वेरीत एक जरी नल आला, तर एकही ओळ हाती लागत नाही. एररही येत नाही, म्हणूनच फसायला होतं. दुसरी: ओरॅकल रिकामी स्ट्रिंगसुद्धा नलच मानतं. चुकलेला मुद्दा तीन दिवसांनी, मग दहा दिवसांनी कोऱ्या पानावर पुन्हा सोडवते. दोन्ही वेळा बरोबर आला, की हिरवी खूण.

सरावाला ओरॅकलची मोफत आवृत्ती पुरते.