परग्रहवासी, तुमच्याकडे छत्री आहे का?

दूरच्या एखाद्या ग्रहावर कुणी राहतं का, हे शोधायचं ठरवलंत तर सगळ्यात आधी काय विचाराल? पाणी आहे का? हवा आहे का? प्रश्न बरोबरच आहेत. पण नवी मुंबईत, नवीन पनवेलला कळंबोलीच्या बाजूला एक संस्था आहे. तिथे काय काम चालतं हे कळलं की आणखी एक प्रश्न सुचतो: त्या ग्रहाला छत्री आहे का?

ही भारतीय भूचुंबकत्व संस्था. नावाला घाबरू नका. आपली पृथ्वी म्हणजे एक अवाढव्य लोहचुंबक आहे आणि त्या चुंबकावर डोळा ठेवायचा, हे हिचं मुख्य काम. आपल्या पायाखाली सुमारे 2,900 किलोमीटर खोल गेलं की वितळलेलं लोखंड लागतं. ते सतत घुसळत असतं, त्यातून विजेचे प्रवाह वाहतात आणि चुंबकत्व तयार होतं. हे चुंबकत्व जमिनीतच राहत नाही, पार अंतराळात हजारो किलोमीटरपर्यंत पसरतं. तिकडे सूर्य काही नुसता ऊन देऊन गप्प बसत नाही. त्याच्यातून विद्युतभारित कणांचा वारा सुटलेला असतो, सेकंदाला साधारण 400 किलोमीटर वेगाने! हा सौरवारा आपल्यापर्यंत येतो, चुंबकत्वाच्या छत्रीवर आदळतो आणि बराचसा बाजूने निघून जातो.

कधी कधी मात्र सूर्य बिथरतो. 1 सप्टेंबर 1859 रोजी कॅरिंग्टन नावाच्या इंग्रज निरीक्षकाला सूर्यावर अचानक लख्ख उजेड दिसला. त्यानंतर अठरा तासांच्या आत पृथ्वीवर चुंबकीय वादळ येऊन थडकलं. युरोप-अमेरिकेत तारायंत्रांतून ठिणग्या उडाल्या. आणि आपल्या मुंबईत? कुलाब्याच्या वेधशाळेत त्या काळी माणसं स्वतः चुंबकाच्या नोंदी वहीत लिहीत. त्या दिवशी पृथ्वीचं चुंबकीय बळ एकदम सुमारे 1,600 नॅनोटेस्लाने घसरल्याचं त्यांनी टिपलं. मुंबईतलं नेहमीचं बळ चाळीस हजारांच्या आसपास असतं, म्हणजे घसरण किती मोठी ते पाहा. पुढे जवळपास दीडशे वर्षांनी, 2003 मध्ये, भूचुंबकत्व संस्थेच्या शास्त्रज्ञांनी परदेशी सहकाऱ्यांबरोबर त्याच जुन्या नोंदी तपासून ते वादळ किती भयंकर होतं याचा हिशेब मांडला. वहीत नीट लिहून ठेवणाऱ्यांचं मला फार कौतुक वाटतं, ते यासाठी.

कुलाब्याची गंमत अजून संपली नाही. मुंबईत विजेवर चालणारी ट्राम येणार असं ठरलं, तेव्हा वेधशाळेचे प्रमुख नानाभाई मूस यांना काळजी पडली. विजेच्या प्रवाहाने नाजूक चुंबक गडबडणार! मग 1904 मध्ये अलिबागला नवी वेधशाळा सुरू झाली. तिथे आजही नोंदी होतात. ट्राम धावली 1907 मध्ये. आणि 1964 मध्ये ती बंदही झाली. वेधशाळा तिच्यापेक्षा चिवट निघाली.

आता जाऊया परग्रहावर. सूर्य सोडला तर आपल्याला सगळ्यात जवळचा तारा म्हणजे प्रॉक्सिमा. त्याच्याभोवती एक ग्रह फिरतो, हे 2016 मध्ये कळलं. तिथलं वर्ष जेमतेम अकरा दिवसांचं. दर अकरा दिवसांनी वाढदिवस! हवा असेल तर तिथे पाणी द्रवरूपात राहू शकेल. पण ग्रह आपल्या ताऱ्याच्या फार जवळ आहे, अवघ्या 75 लाख किलोमीटरवर. आपण सूर्यापासून 15 कोटी किलोमीटर लांब आहोत. त्यात प्रॉक्सिमा भलता तापट, सारखे भडके उडवणारा. छत्री नसेल तर तिथली हवा टिकणं कठीण. आपल्या शेजारच्या मंगळाचंच बघा. त्याची छत्री अब्जावधी वर्षांपूर्वी मिटली आणि सौरवाऱ्याने त्याची बरीच हवा हळूहळू उडवून नेली. मात्र घाईने नियम करू नका. शुक्राकडेही अशी छत्री नाही, तरी त्याची हवा आपल्यापेक्षा कितीतरी दाट आहे. म्हणून शास्त्रज्ञांचा वाद अजून चालू आहे, आणि मला तो वाद आवडतो.

स्वतः जाऊन बघावं म्हणाल, तर अंतर ऐका: 40 लाख कोटी किलोमीटर. 1977 मध्ये निघालेलं व्हॉयेजर 1 हे यान सेकंदाला 17 किलोमीटर पळतं. तेवढं अंतर कापायला त्याला सुमारे 75 हजार वर्षं लागतील. शिवाय ते निघालंय भलत्याच दिशेला. तरी एक पराक्रम त्याने केलाच. सूर्याच्या वाऱ्याचाही एक प्रचंड फुगा आहे, आपले सगळे ग्रह त्याच्या आत राहतात. ऑगस्ट 2012 मध्ये व्हॉयेजर त्या फुग्याबाहेर पडलं. तिथे ताऱ्यांमधल्या अवकाशातले जोरदार किरण जास्त प्रमाणात आदळतात. उद्या माणसं अशा सफरीला निघाली तर छत्री बरोबर न्यावी लागणार. ती कशी बनवायची, हे अजून कुणाला नीट जमलेलं नाही.

या यानावर सोन्याचा मुलामा दिलेली एक तबकडी आहे. तिच्यात 55 भाषांतल्या शुभेच्छा आहेत आणि त्यांत मराठीही आहे, बरं का! गोव्यात जन्मलेल्या केसरबाई केरकर यांचं भैरवीतलं गाणंही आहे. परग्रहवासीयांना कान असतील की नाही, देव जाणे.

तोवर आपण इथूनच कान लावू शकतो. गुरू ग्रहाच्या चुंबकीय छत्रीतून रेडिओलहरी निघतात. तशाच लहरी दूरच्या ग्रहांकडून येतात का, हे नारायणगावजवळ खोडदला असलेल्या महाकाय रेडिओ दुर्बिणीने शोधून पाहिलं आहे. प्रत्येकी 45 मीटर रुंदीच्या 30 तबकड्या आहेत तिथे. सूर्याव्यतिरिक्त इतर ताऱ्यांभोवती फिरणारे 6,000 हून जास्त ग्रह सापडले, पण कुणाच्या छत्रीची खणखणीत हाक अजून ऐकू आलेली नाही. माझं मत विचाराल तर पहिली बातमी उडत्या तबकडीची नसेल, अशाच एखाद्या रेडिओ खरखरीची असेल.

आपली छत्री मात्र तुम्ही आजच मोजू शकता. बहुतेक मोबाइलमध्ये चुंबकत्व मोजणारा छोटा संवेदक असतो. मोठ्यांना विचारून तसं ॲप घ्या. मोबाइलचं चुंबकवालं कव्हर काढा आणि मैदानाच्या मधोमध उभे राहा. आकडा 40 ते 45 मायक्रोटेस्लाच्या आसपास आला पाहिजे (एक मायक्रोटेस्ला म्हणजे हजार नॅनोटेस्ला). मग लोखंडी फाटकाजवळ, लिफ्टमध्ये, फ्रिजपाशी मोजा आणि आकडे कसे उड्या मारतात ते पाहा. आणि हो, तारीख-वेळ घालून सगळं वहीत लिहा.